विद्यार्थ्यांची दैनंदिन उपकरणे आणि देवनागरी लेखनातील किरकोळ अडचणी : एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थी मराठीत बोलतो, भांडतो, विनोद करतो. परंतु मोबाईलवर लिहू लागला की देवनागरी सोडून रोमन लिपीचा आश्रय घेतो, ही तक्रार प्राध्यापकांच्या कक्षात वारंवार ऐकू येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिल्यानंतर या तक्रारीला अधिकच धार आली. व्यासपीठावरून भाषेचा गौरव होत असताना सभागृहातील विद्यार्थी त्याच कार्यक्रमाचे वर्णन मित्राला रोमन अक्षरांत कळवीत असतो, हे दृश्य विसंगत वाटावे यात नवल नाही. या विसंगतीचे कारण सामान्यतः विद्यार्थ्यांच्या अनास्थेत किंवा इंग्रजी माध्यमाच्या प्रभावात शोधले जाते.

प्रस्तुत लेखात या कारणमीमांसेपेक्षा वेगळी बाजू मांडली आहे. विद्यार्थ्याच्या खिशातील आणि प्रयोगशाळेतील उपकरणांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्यासमोर देवनागरीसंबंधी ज्या बारीकसारीक अडचणी उभ्या केल्या, त्यांचा हा प्रश्न आहे. या अडचणींपैकी प्रत्येक अडचण इतकी क्षुल्लक आहे की तिच्याविषयी कोणी अर्ज केला नाही. तथापि सवयी अशा क्षुल्लक अडचणींतूनच घडतात आणि उपकरण सुधारल्यानंतरही त्या टिकून राहतात. शिवाय यांपैकी काही अडचणी आजही आपण, म्हणजे महाविद्यालये आणि विभाग, स्वतःच निर्माण करीत आहोत, हे या विवेचनाच्या ओघात दिसून येईल.

सत्तर अक्षरांचा संदेश

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ १९९५ मध्ये झाला असला, तरी सामान्य विद्यार्थ्याच्या हाती हे साधन आले ते २००३ नंतर. त्या वर्षी येणारे कॉल निःशुल्क झाले आणि संचांच्या किमतीही उतरू लागल्या. वसतिगृहातील विद्यार्थ्याने या साधनाचा वापर अत्यंत काटकसरीने केला. एक ‘मिस्ड कॉल’ म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये, असे संकेत ठरले. पैसा न खर्चता संभाषण करण्याची ती एक परिभाषाच होती. ज्या गोष्टी अशा संकेतांत मावत नसत, त्यांच्यासाठी लघुसंदेश होता. आणि या लघुसंदेशाच्या रचनेतच देवनागरीच्या पीछेहाटीचे एक मूळ सापडते.

एका लघुसंदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट इतकी माहिती मावते. रोमन लिपीचे एक अक्षर सात बिटांत बसविलेले असल्याने अशी १६० अक्षरे एका संदेशात येतात. देवनागरीची सोय या सात बिटांच्या मूळ संचात नव्हती. ती लिपी पाठवायची तर प्रत्येक चिन्हाला सोळा बिट द्यावे लागत, आणि मग संदेशाची मर्यादा ७० चिन्हांवर येई. संदेश याहून मोठा झाला तर त्याचे तुकडे पडत. तुकडे जोडण्याच्या सूचनेसाठी काही जागा खर्ची पडत असल्याने प्रत्येक तुकड्यात रोमनची १५३, तर देवनागरीची ६७ चिन्हे मावत आणि प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र संदेश म्हणून मोजला जाई. सगळा मजकूर रोमनमध्ये लिहून एखादाच ‘ळ’ देवनागरीत घातला, तरी संपूर्ण संदेश सोळा बिटांच्या हिशेबात जात असे.

येथे ‘चिन्ह’ हा शब्द हेतुपुरस्सर योजिला आहे. ‘विद्यार्थी’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. यंत्राच्या हिशेबाने मात्र ती दहा चिन्हे आहेत : व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ आणि दुसरी वेलांटी. ‘उद्या प्रात्यक्षिकाची वही आणायला विसरू नकोस.’ हे साधे वाक्य घेतले तर रिकाम्या जागा व पूर्णविराम धरून ४४ चिन्हे होतात. हेच वाक्य रोमन लिपीत लिहिले तर जवळपास तेवढीच अक्षरे लागतात. परंतु रोमनमध्ये त्यानंतर शंभराहून अधिक अक्षरांची जागा शिल्लक राहते आणि देवनागरीत केवळ सव्वीस चिन्हांची. वहीसोबत जर्नलवर सही घ्यायची आहे, हेही कळवायचे असेल तर देवनागरीत लिहिणाऱ्याला दुप्पट पैसे मोजावे लागत. काही सणांच्या दिवशी संदेशांच्या सवलतीच्या योजना लागू नसत आणि प्रत्येक संदेशाला पूर्ण दर पडे. दिवाळीच्या शुभेच्छा देवनागरीत पाठविणे ही त्या काळी अक्षरशः चैन होती.

बारा कळांच्या संचावर देवनागरी लिहिण्याचे कष्ट निराळेच. एका कळीवर चार-पाच व्यंजने असत आणि वर्गातील शेवटच्या अक्षरासाठी तीच कळ पुनःपुन्हा दाबावी लागे. जोडाक्षरासाठी हलन्त शोधावा लागे तो वेगळा. एवढे करून पाठविलेला संदेश समोरच्याच्या संचात देवनागरीची सोय नसेल तर चौकोनांच्या रांगेच्या रूपाने उमटत असे.

ही शेवटची बाब विशेष लक्षणीय आहे. संदेशाची लिपी लिहिणाराची इच्छा ठरवीत नाही; दोघांपैकी ज्याचे उपकरण अधिक साधे, ते ठरविते. वर्गातील चाळीस जणांच्या गटात पाच जणांकडे जुने संच असले तर उरलेले पस्तीस जणही रोमनमध्ये लिहितात. व्हॉट्सॲपसारखी साधने २००९ नंतर आली आणि अक्षरमर्यादेचा प्रश्न निकालात निघाला, तरी अँड्रॉइड प्रणालीत देवनागरी नीट उमटण्याची सोय २०११ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीपर्यंत सर्वत्र नव्हती. ती आली तेव्हा विद्यार्थ्यांच्या एका संपूर्ण पिढीचे बोट रोमन लिपीवर बसलेले होते. पुढील पिढीने ही सवय मोठ्या भावंडांकडून उचलली. सत्तर चिन्हांचे गणित तिला कोणी सांगितलेही नाही.

फाँट नावाची अडचण

मोबाईलच्या बाजूने पाहिले तर दोष तंत्रज्ञांच्या हिशेबाचा होता. संगणकाच्या बाजूने पाहिले तर आपल्याला इतके सहज निसटता येत नाही.

संगणकावर मराठी लिहिण्याचे प्रयत्न पुष्कळ जुने आहेत. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला मिळालेली मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावर आधारलेली होती. म्हणजे मूलभूत काम वेळेवर झाले होते. व्यवहारात मात्र महाविद्यालयाच्या कार्यालयांतून, झेरॉक्सच्या दुकानांतून आणि छापखान्यांतून जे रूढ झाले, ते वेगळेच : कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांसारखे फाँट.

या फाँटांची युक्ती समजून घेणे आवश्यक आहे. त्यांत संगणक इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवितो. केवळ त्यांचे चित्र देवनागरीचे दाखविले जाते. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर धारिकेत प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे असतात. तो फाँट ज्या संगणकावर आहे तेथे ‘मराठी’ दिसते. जेथे नाही तेथे ही पाच अर्थशून्य अक्षरे. फाँट बदलला तर आणखी तिसरेच काही. मजकूर भाषेच्या रूपात नव्हे, चित्राच्या रूपात जतन झालेला असतो, असे म्हणता येईल.

विद्यार्थ्याच्या दैनंदिन जीवनात याचे परिणाम कसे होतात ते पाहावे. विभागाने प्रश्नसंच पाठविला. विद्यार्थ्याने तो मोबाईलवर उघडला. त्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. कारण मोबाईलमध्ये तो फाँट नाही आणि घालणेही सोपे नाही. याउलट विद्यार्थ्याने प्रकल्प मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिला आणि छापून घेण्यासाठी दुकानात नेला, तर तेथील जुन्या आज्ञावलीत तो उमटत नाही; दुकानदार ‘पुन्हा टाईप करावे लागेल’ असे सांगून पानामागे दर सांगतो. विद्यार्थी तो दर देतो, किंवा पुढच्या खेपेस प्रकल्प इंग्रजीत लिहितो. दोन्ही फाँटांत केलेला मजकूर एकातून दुसऱ्यात रूपांतरित करता येतो हे खरे. परंतु जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि युनिकोडमध्ये नंतर लिहिली जाते, रफाराचेही असेच स्थानांतर होते, आणि या उलाढालीत जोडाक्षरे हमखास तुटतात. त्यांची दुरुस्ती परीक्षेच्या आदल्या रात्री होते.

विंडोज २००० पासून संगणकात देवनागरी युनिकोडची सोय होती. पुढे विंडोज एक्सपीमध्ये ती कार्यान्वित करण्यासाठी मूळ सीडी मागितली जाई आणि सायबर कॅफेत ती सीडी कधीच सापडत नसे. आजच्या संगणकांवर ही अडचण उरलेली नाही. असे असूनही कित्येक संशोधनपत्रिका, चर्चासत्रांच्या आयोजन समित्या आणि पदव्युत्तर विभाग आपल्या सूचनापत्रकात ‘शोधनिबंध अमुक फाँटमध्ये, अमुक आकारात टंकलिखित असावा’ अशी अट घालीतच असतात. छापखान्याची सोय हे त्यामागचे कारण असते. त्या सोयीची किंमत विद्यार्थी आणि तरुण संशोधक मोजतात. अशा फाँटातील प्रबंध शोधगंगेवर चढविला तरी त्यातील शब्द शोधयंत्राला सापडत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार वाङ्मयचौर्याची तपासणी करावयाची, तर आज्ञावलीसमोर मराठी मजकूर नसतोच. असतो तो इंग्रजी अक्षरांचा ढीग. त्याचे साम्य कशाशी निघणार?

आचार्य आणि आचारी

युनिकोड आले म्हणजे सर्व सुरळीत झाले, असे समजण्याचे कारण नाही. देवनागरी ही अनेक भाषांची लिपी असल्याने उपकरणे तयार करणाऱ्यांच्या नजरेसमोर बहुधा हिंदी असते आणि मराठीची वैशिष्ट्ये कोपऱ्यात राहतात.

‘र’ला ‘य’ जोडण्याच्या दोन रीती मराठीत अर्थभेदक आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना निमंत्रण द्या’ आणि ‘आचाऱ्यांना निमंत्रण द्या’ या दोन वाक्यांतील अंतर प्राध्यापकवर्गास समजावून सांगण्याची गरज नसावी. हिंदीला हा दुसरा प्रकार लागत नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे, त्यापुढे हलन्त आणि ‘य’ लिहावा लागतो. पण कित्येक कळफलकांवर ते चिन्ह कोठे आहे हे विद्यार्थ्याला कोणी दाखविलेले नसते. परिणामी ‘दुसर्या’, ‘बर्याच’, ‘विचारणार्या’ अशी रूपे निबंधांतून दिसतात. परीक्षक त्यांना शुद्धलेखनाच्या चुका म्हणतो. हाताने लिहिताना हाच विद्यार्थी ‘दुसऱ्या’ बिनचूक लिहितो, ही गोष्ट परीक्षकाने एकदा पडताळून पाहण्याजोगी आहे.

इंग्रजी शब्दांतील ‘ॲ’चीही अशीच कथा आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देण्याचा प्रघात पडला होता आणि तो अजूनही चालू आहे. दिसायला दोन्ही सारखेच. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती भिन्न अक्षरे. ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत एका पद्धतीने नोंदविलेले शीर्षक दुसऱ्या पद्धतीने शोधले तर यंत्राकडून पुस्तक उपलब्ध नसल्याचे उत्तर येण्याचा संभव असतो. पुस्तक मांडणीवर असते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देवनागरी वर्णमाला निश्चित करताना ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीतील रूढ वळणेही ठरवून दिली; संगणकावरील अनेक फाँट मात्र त्यांची हिंदीतील वळणे दाखवितात. वाचनात त्याने अडथळा येत नाही, म्हणून तो प्रश्न येथे सोडून देतो.

सूचना पुढे करणारा कळफलक

अलीकडच्या स्मार्टफोनांनी लेखनाची पद्धतच पालटली. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती स्वरचिन्हांचे चक्र उमटते. आपल्या बाराखडीच्या तत्त्वावर आधारलेली ही रचना अत्यंत सुंदर आहे. परंतु विद्यार्थ्यांत अधिक रूढ झाली ती लिप्यंतराची पद्धत : रोमनमध्ये लिहावे आणि यंत्राने पुढे केलेल्या देवनागरी शब्दांतून एक निवडावा. रोमनमध्ये ‘न’ व ‘ण’, ‘ल’ व ‘ळ’, ‘श’ व ‘ष’ यांचा भेद सामान्य वापरात राहत नाही. तो निवडीच्या क्षणी पाळावा लागतो. घाईत पहिली सूचना स्वीकारली जाते. घरच्या बोलीतील शब्द असेल तर अडचण आणखी वाढते. खानदेशातील किंवा वऱ्हाडातील विद्यार्थ्याने आपल्या आईच्या तोंडचा शब्द लिहिला तर यंत्र त्याला त्याच्या जवळपासचा प्रमाण भाषेतील शब्द सुचविते, आणि कित्येकदा न विचारता बदलूनही टाकते. वर्गात प्रमाण भाषेचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकाशी विद्यार्थ्याला निदान वाद घालता येतो.

मराठीत बोलून लिहिण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये उपलब्ध केली. टंकलेखनाचे कष्ट तिने खरोखर कमी केले. तथापि चार जणांच्या खोलीत, ग्रंथालयात किंवा एसटीत बसून निबंध मोठ्याने सांगणे हे संकोचाचे असते, आणि विरामचिन्हे तर नंतर घालावीच लागतात. म्हणून ही सोय दोन-चार ओळींच्या निरोपापुरती अधिक वापरली जाते. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात वर्ग ऑनलाईन झाले, तेव्हा बहुसंख्य विद्यार्थ्यांनी हाताने लिहिलेल्या पानांची छायाचित्रे पाठविण्याचा मार्ग पत्करला. तो आळस नव्हता. देवनागरी लिहिण्याचे सर्वांत खात्रीचे उपकरण अजूनही त्यांच्या हातातील पेनच होते.

नावाचे लेखन

आतापर्यंतच्या अडचणी वेळ आणि गुण यांच्याशी संबंधित होत्या. एक अडचण मात्र थेट विद्यार्थ्याच्या ओळखीपर्यंत पोहोचते. अनेक विद्यापीठांच्या पदवी प्रमाणपत्रांवर विद्यार्थ्याचे नाव देवनागरीतही छापलेले असते. प्रवेशाचा वा परीक्षेचा अर्ज ऑनलाईन भरताना नाव रोमनमध्ये लिहिले जाते आणि काही अर्जांत त्याचे देवनागरी रूप यंत्र आपोआप तयार करते. रोमनमधील एकाच लेखनातून ‘काळे’ही वाचता येते आणि ‘काले’ही, ‘मोरे’ निर्धोक आहे, पण ‘गवळी’, ‘ढवळे’, ‘कोळी’ ही आडनावे यंत्राच्या हाती सुरक्षित नाहीत. आईच्या नावाच्या रकान्याकडे तर घाईत दुर्लक्षच होते. अर्ज सायबर कॅफेत भरला जातो, रांग मोठी असते, मुदतीचा अखेरचा दिवस असतो, आणि विद्यार्थी ‘पुढे जा’ ही कळ दाबतो. चूक लक्षात येते ती तीन वर्षांनी, प्रमाणपत्र हाती पडल्यावर. मग अर्ज, शुल्क, पुरावे आणि विद्यापीठाच्या फेऱ्या सुरू होतात. पडद्यावरील एका टिंबाएवढी चूक दुरुस्त करण्यासाठी तालुक्याच्या गावातील मुलीला दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे खर्चावे लागते.

या बाबतीत उपाय महाविद्यालयाच्या हातात आहे आणि तो खर्चिक नाही. अर्ज निश्चित करण्यापूर्वी नावांची देवनागरी यादी छापून वर्गात फिरवावी आणि प्रत्येकाने आपल्या नावासमोर सही करावी. कार्यालयातील एका लिपिकाचा एक दिवस यात जाईल.

कळफलकाचे शिक्षण

भ्रमणध्वनी उत्पादकांना भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागाने भारतीय भाषा वाचण्याची सोय देण्यास सांगितले आहे. हिंदी, इंग्रजी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याचीही. उपकरण आता अडवीत नाही. अडते ते शिकविण्याचे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यालाही इन्स्क्रिप्ट कळफलक कोणी शिकविलेला नसतो, कारण तो शिकविणे मराठी विभागाला संगणक विभागाचे काम वाटते आणि संगणक विभागाला मराठी विभागाचे.

वास्तविक केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये पुरस्कारिलेली ही मांडणी वर्णमालेच्या तर्कावरच उभी आहे. स्वरचिन्हे डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आहेत. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ‘ख’ मिळतो, ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘त’च्या कळीवर ‘थ’. काना-मात्रेच्या कळीवर शिफ्ट दाबली की स्वतंत्र स्वर येतो. इंग्रजी ‘डी’च्या कळीवर हलन्त आहे, म्हणजे जोडाक्षर लिहिताना डावे बोट जागचे हलवावे लागत नाही. ज्याला बाराखडी येते त्याला यातील निम्मे आधीच येते. लॅपटॉपच्या कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतात, ही खरी अडचण आहे; मांडणीचा एक कागद पडद्याशेजारी चिकटविला तर ती काही दिवसांत दूर होते.

प्रथम वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रंथालय-परिचयाचा तास बहुतेक महाविद्यालयांत असतोच. त्याला जोडून संगणक प्रयोगशाळेत दोन तास ठेवावेत. प्रत्येक संगणकावर मराठी कळफलक आधीच सुरू करून ठेवावा, आणि विद्यार्थ्यांना आपले संपूर्ण नाव, गावाचे नाव आणि आईचे नाव लिहावयास सांगावे. ‘ळ’ कोठे आहे असा प्रश्न निश्चित येईल. तो ‘ल’च्या कळीवर आहे, शिफ्ट दाबून. ‘दऱ्या’तील ‘ऱ’ही तसाच ‘र’च्या कळीवर. आणि त्याच वर्षीपासून विभागाच्या सूचनापत्रकातील फाँटाचे नाव काढून त्या जागी ‘युनिकोड’ हा एकच शब्द लिहावा. छापखान्याशी काय बोलावयाचे ते विभागाने बोलावे.